उतारावरून वाहून गेलेल्या मातीतला कर्ब हवेत जातो का खाली पुरला जातो?

ढेकूळफोड्या:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच प्रश्न टाकतोय. लांबलाय, आधीच सॉरी.

प्रोजेक्टसाठी एक उताराचं शेत घेतलंय. माथा, मधला उतार आणि पायथा अशा तीन जागी वरच्या १५ सेंमीची माती काढून सेंद्रिय कर्ब तपासून घेतला. माथ्यावर ०.४१ टक्के, मधल्या उतारावर ०.३५ आणि पायथ्याला ०.९२ आला. माथ्यावरच्या त्याच जागेचा १२ वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट हाताला लागला, त्यात ०.६२ होता. म्हणजे ०.२१ टक्के गेला असं धरून मी सरळ गणित मांडलं, एका हेक्टरला १५ सेंमी थराची माती साधारण १९५० टन (घनता १.३ धरली), त्याचे ०.२१ टक्के म्हणजे ४.१ टन कर्ब, कर्बाचा सीओटू काढायला त्याला ३.६७ ने गुणलं की झाला १५ टन सीओटू. आणि रिपोर्टात ठोकून दिलं की धुपेमुळे या शेतातून हेक्टरी १५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला.

मॅडमनी त्या वाक्याखाली लाल पेनने एवढंच लिहून परत दिलंय: "गेला की वाहिला?"

तेव्हापासून वाचतोय आणि जास्तच गोंधळतोय. एके ठिकाणी लिहिलंय की पाण्याने होणारी धूप म्हणजे हवेत कार्बन सोडणारा मोठा सोर्स, दुसरीकडे तितक्याच ठामपणे लिहिलंय की धूप उलट कार्बन पुरते, म्हणजे सिंक. एकच गोष्ट दोन्ही कशी असेल? कोणीतरी चुकतंय का मीच काहीतरी बेसिक सोडून वाचतोय?

गाळकरी:
तुमच्या मॅडमना माझा नमस्कार सांगा, तीन शब्दांत अख्खा विषय विचारलाय त्यांनी.

पहिली गोष्ट, माथ्यावरचा कर्ब कमी होणं आणि हवेतला सीओटू वाढणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एका खात्यातली शिल्लक कमी झाली म्हणजे पैसे खर्चच झाले असं नाही ना, दुसऱ्या खात्यात वळते केलेले असू शकतात. पायथ्याचा ०.९२ तुम्हीच मोजलाय, त्यातला बराचसा वरूनच आलाय.

दुसरी गडबड जरा लपलेली आहे आणि ती भल्याभल्यांकडून होते. १२ वर्षांपूर्वीचे १५ सेंमी आणि आजचे १५ सेंमी ही एकच माती नाही. समजा मधल्या काळात वरची ३ सेंमी वाहून गेली, तर आज तुमचा ऑगर (माती काढायचं गिरमिट) जिथे १५ ला थांबतो तिथे पूर्वी १८ होतं. खालची फिकट माती नमुन्यात मिसळली की टक्का आपोआप उतरतो, एकाही जिवाणूने काहीही न खाता. आणि पायथ्याला नेमकं उलटं, तिथे गाळ चढत चाललाय आणि तुम्ही वरचेच १५ मोजताय, खाली पुरलेलं मोजातच येत नाही. म्हणजे वर तोटा फुगवला आणि खाली जमा लपवली, दोन्ही चुका एकाच बाजूला झुकतात.

आता सोर्स की सिंक. मातीच्या प्रवासात तीन ठिकाणी काय होतं ते बघायला लागतं, एकाच ठिकाणी उभं राहून उत्तर मिळत नाही. माथ्यावर कर्ब गेला तरी तिथे पीक उगवतंय, मुळं मरतायत, काडीकचरा पडतोय, म्हणजे नवा कर्ब येतोच आहे. शिवाय धुपेने उघडी पडलेली खालची माती कर्बाच्या बाबतीत उपाशी असते, तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांवर जागा रिकाम्या असतात, त्यामुळे नवा कर्ब तिथे चिकटून राहायला वाव असतो. गेलेल्याची अशी थोडी थोडी भरपाई होत राहते. वाटेत मात्र नुकसान. थेंबांच्या माऱ्याने आणि वाहत्या पाण्याने मातीचे कणसंच (एकमेकांना चिकटलेल्या कणांचे गोळे) फुटतात, आतला कर्ब उघडा पडतो, जिवाणू खातात आणि सीओटू सोडतात. आणि पायथ्याला, तळ्यात, धरणात, समुद्रात जिथे गाळ बसतो तिथे वरचेवर नवा थर पडत गेला की खालचा कर्ब हवेपासून तुटतो आणि कुजणं मंदावतं.

माथ्यावरची भरपाई जर वाटेतल्या आणि पायथ्यावरच्या नासाडीपेक्षा जास्त असेल तर सिंक, कमी असेल तर सोर्स. बास, भांडण इतकंच आहे. पण यातला एकेक आकडा मोजायला जा, मग कळतं.

(मोबाईलवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

फाटकी_छत्री:
म्हणजे आता धूप चांगली म्हणायची का? उद्या कोणी म्हणेल बांध कशाला घालता, वाहू द्या, वातावरणाला मदत होतेय 🙂 मला हे सिंकवालं प्रकरण पहिल्यापासून पटत नाही. पायथ्याला पुरलाय म्हणता, पण पुढच्या मोठ्या पावसात तिथेच घळ पडली की तो पुरलेला परत उघडा. मग?

लॅबवाली:
@ढेकूळफोड्या, बाकी सगळं नंतर, आधी एक सांगा, ते दोन रिपोर्ट एकाच पद्धतीचे आहेत का? कारण वॉकली-ब्लॅकने (कर्ब मोजायची लॅबमधली नेहमीची पद्धत) केलं असेल तर त्या पद्धतीत सगळा कर्ब पकडलाच जात नाही, साधारण ७७ टक्के पकडला जातो असं धरून शेवटी १.३ ने गुणायचं असतं. आता एका लॅबने गुणलं आणि दुसरीने नाही गुणलं तर? तुमचा जुना ०.६२ हा गुणलेला असेल तर मूळ आकडा ०.४८ च्या आसपास निघतो आणि आजचा ०.४१ जर न गुणलेला असेल तर तुमच्या ०.२१ च्या फरकातला निम्म्याहून जास्त भाग नुसत्या कागदावरचा आहे. रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते, ती बघा. मी रोज हेच काम करते आणि रोज कोणीतरी ही चूक घेऊन येतं, म्हणून जरा वैतागून लिहितेय, राग मानू नका.

आणि गाळकरींनी कणसंच फुटतात म्हटलंय ते घरी बसून बघता येतं. माथ्यावरचं एक वाळलेलं ढेकूळ घ्या, लिंबाएवढं पुरे, आणि तेवढंच एक जुन्या बांधाच्या गवताखालचं घ्या. दोन काचेच्या ग्लासात पाणी भरायचं, आत जाळीचा तुकडा अडकवायचा आणि दोन्ही ढेकळं एकदमच जाळीवर ठेवायची. नांगरटीच्या रानातलं ढेकूळ आधी बारीक बुडबुडे सोडतं, मग कडा गळायला लागतात आणि पाच मिनिटांत बहुतेक सगळं ग्लासाच्या तळाला राखेसारखं बसतं. गवताखालचं तसंच बसून राहतं, पाणी फारसं गढूळसुद्धा होत नाही. होतं काय, कोरड्या ढेकळात पाणी एकदम शिरलं की आतली हवा कोंडते आणि ती ढेकूळ आतूनच फोडते. ज्याला मुळांनी, बुरशीच्या धाग्यांनी आणि जिवाणूंच्या चिकट पदार्थांनी बांधून ठेवलंय ते तग धरतं. उघड्या रानावर पाऊस हेच करतो, वर थेंबाचा मार वेगळाच, पाच-सहा मिलिमीटरचा मोठा थेंब सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगाने येऊन आदळतो.

फुटल्यावर जे पहिल्यांदा वाहतं तेच नेमकं मोलाचं असतं. वाळू जड, ती मागे राहते. अर्धवट कुजलेला काडीकचरा पाण्यावर तरंगत निघतो आणि चिकणमातीचे बारीक कण कर्बाला धरून पाण्यासोबत जातात. म्हणून वाहत्या गढूळ पाण्यातल्या गाळात कर्बाचं प्रमाण मूळ मातीच्या दीडपट, दुप्पट, कधी त्याहूनही जास्त सापडतं. एका हेक्टरवरून नुसता १ मिलिमीटरचा थर गेला तरी ती १३ टन माती झाली. १ टक्का कर्ब धरला तर १३० किलो आणि गाळ दीडपट श्रीमंत असेल तर १९५ किलो. डोळ्यांना १ मिलिमीटर कळतपण नाही, चादरी धूप असली की शेत वरून जसंच्या तसं दिसतं आणि लोकांना ओघळी पडल्यावरच जाग येते.

आकडेमोड:
सोर्स की सिंक हे भांडण समजायचं असेल तर कोणी काय मोजलं ते बघा, नुसते निष्कर्ष वाचू नका, नाहीतर डोकं फिरेल.

१९९८ मध्ये रॉबर्ट स्टॅलर्डने मांडलं की जमिनीवरच अडकणाऱ्या गाळात, म्हणजे धरणं, तळी, पाणथळ जागा, उताराचे पायथे यात वर्षाला ०.६ ते १.५ अब्ज टन कर्ब पुरला जात असेल. २००३ मध्ये रतन लाल यांनी उलट बाजूने हिशोब लावला, जगभर पाण्याने वर्षाला ४ ते ६ अब्ज टन कर्ब हलतो, त्यातला साधारण २० टक्के कुजून हवेत जातो असं धरलं, म्हणून ०.८ ते १.२ अब्ज टन उत्सर्जन. मग २००७ मध्ये क्रिस्टोफ व्हान ऊस्ट आणि त्यांच्या टीमने शेतजमिनींमधली प्रत्यक्ष मोजमापं घेतली आणि म्हणाले की धुपेने हललेल्या कर्बाच्या साधारण २६ टक्के इतकी सिंक दिसते, जगाच्या शेतीसाठी वर्षाला ०.१२ अब्ज टन, मर्यादा ०.०६ ते ०.२७.

आता यातली गंमत बघा. टक्क्यांवरून तर भांडण आहेच, पण मुळात हलतो किती यावरच एकमत नाही. लाल यांचे ४ ते ६ अब्ज टन सगळ्या जमिनीचे आहेत आणि व्हान ऊस्टचा हिशोब फक्त शेतीचा, त्यात हलणारा कर्ब अर्ध्या अब्ज टनाच्या घरात आहे. दहापट फरक! मग खाली काहीही गुणा, उत्तरं जुळणारच नाहीत. आणि लोक व्हान ऊस्टचं नाव घेऊन "धूप म्हणजे मोठी सिंक" म्हणतात ते तर सपशेल चुकीचं, त्याच पेपरात लिहिलंय की शेतीतली धूप ही हवेतल्या सीओटूसाठी ना मोठा सोर्स आहे ना मोठी सिंक. कोळसा, तेल, गॅस जाळून आपण वर्षाला १० अब्ज टनांच्या आसपास कर्ब सोडतो, त्याच्यापुढे ०.१२ म्हणजे काय ते बघा.

काळाचा मुद्दा वेगळाच. एका पावसाचं बघितलं तर सोर्सच दिसणार, ढेकूळ फुटतं, ओलावा येतो, जिवाणू चेकाळतात, काही दिवस जमिनीतून सीओटूची लाट येते. (कोरडी माती भिजली की अशी लाट येतेच, त्याला बर्च इफेक्ट म्हणतात, धूप असो नसो, म्हणून ते वेगळं काढणंही अवघड.) पण माथ्यावरची भरपाई वर्षानुवर्षं चालते आणि पुरलेल्याचा फायदा दशकं, शतकं मोजल्याशिवाय कळत नाही. २०२३ मध्ये व्हान ऊस्ट आणि योहान सिक्स यांनी याच वादाकडे पुन्हा बघितलं आणि त्यांचंही म्हणणं साधारण असंच आहे की छोट्या काळात बघणाऱ्याला तोटा दिसतो आणि लांबच्या काळात बघणाऱ्याला जमा, दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीयेत.

गाळकरी:
@फाटकी_छत्री, तुमची शंका रास्त आहे. पुरलेलं कायमचं पुरलं असं कोणीच म्हणत नाही. घळ पडली, पायथ्याची जागा खोल नांगरली, पाणथळ जागेचा निचरा केला की पुन्हा हवा लागते आणि थांबलेलं कुजणं सुरू.

पण "मग धूप चांगली?" याला उत्तर सरळ नाही असंच आहे आणि त्याचं कारण त्या भरपाईतच आहे. सिंकचा सगळा डोलारा माथ्यावर पीक जोमाने येत राहील या एका गृहीतावर उभा आहे. थर पातळ झाला, पाणी धरून ठेवायची ताकद गेली, अन्नद्रव्यं गेली की पीक खुरटतं, मुळं कमी, काडीकचरा कमी, भरपाई बंद. आणि पीक टिकवायला वरून जास्तीचं नत्र खत टाकलं तर ते बनवताना कार्बन जातो तो जातोच, वर जमिनीतून नायट्रस ऑक्साइड निघतो, तो १०० वर्षांच्या हिशोबात सीओटूच्या सुमारे २७३ पट तापवतो. पायथ्याला किंवा धरणात गाळ पाण्याखाली गेला की ऑक्सिजन संपतो, सीओटू कमी होतो हे खरं, पण मिथेन सुरू होतो. नुसता कर्ब मोजून सिंक म्हणणाऱ्याच्या हिशोबात हे काहीच येत नाही.

समुद्रापर्यंत जाणाऱ्याबद्दलही एक सांगतो कारण मला तो भाग फार आवडतो. गंगा-ब्रह्मपुत्रा हिमालयातून इतका गाळ आणतात आणि बंगालच्या उपसागराच्या तळाशी तो इतक्या वेगाने एकावर एक बसतो की सोबत आलेला सेंद्रिय कर्ब जवळपास सगळा टिकतो. अॅमेझॉनच्या मुखाशी मात्र उलटं, तिथे गाळ किनाऱ्यालगत पुन्हा पुन्हा ढवळला जातो, दर वेळी हवा लागते आणि आलेल्या कर्बाचा मोठा भाग पुरला जाण्याआधीच संपतो. कर्ब तोच, पण कुठे थांबला आणि किती वेळा उचलला गेला यावर सगळं. आता अधेमधे धरणंही आलीत. पन्नासेक वर्षांत बांधलेल्या धरणांमागे १०० अब्ज टनांहून जास्त गाळ आणि त्यात १ ते ३ अब्ज टन कर्ब अडकलाय असा २००५ चा एक अंदाज आहे, तो एरवी समुद्राकडे गेला असता.

फाटकी_छत्री:
हां, खताचं आणि मिथेनचं माझ्या डोक्यात नव्हतं. आता पटलं थोडं. अॅमेझॉनचं भारी आहे.

पण मग कार्बन क्रेडिटवाल्यांचं (जमिनीत कर्ब वाढवला म्हणून पैसे देणाऱ्यांचं) काय? ते तर एका जागी ऑगर मारतात, पाच वर्षांनी परत त्याच जागी मारतात आणि वाढला की क्रेडिट. पायथ्याला मारला तर दर वर्षी वाढलेलाच दिसणार ना, शेजाऱ्याची माती येऊन!

लॅबवाली:
अगदी. नमुना कुठून घेतला हे लिहिलेलं नसेल तर तसला आकडा मी तरी बाजूला ठेवते. बरं, बांध किंवा आच्छादनाने धूप थांबवली तरी तोच पेच उलटा येतो, माथ्यावर राहिलेला कर्ब हा "हवेतून ओढलेला" नसतो, "न वाहिलेला" असतो. त्याचा जमिनीला फायदा शंभर टक्के आहे, पण हवेच्या हिशोबात तो पूर्ण जमा धरता येत नाही.

ढेकूळफोड्या:
सगळ्यांना दंडवत. दोन आठवडे गायब होतो कारण तुमचं ऐकून कामाला लागलो होतो.

@लॅबवाली ताई, तुमचा अंदाज खरा निघाला!! जुन्या रिपोर्टच्या मागच्या पानावर "वॉकली-ब्लॅक, १.३ ने दुरुस्त" असं लिहिलंय आणि माझ्या लॅबने दुरुस्ती केलेलीच नाही. म्हणजे आजचा ०.४१ खरा ०.५३ झाला आणि फरक ०.२१ चा ०.०९ वर आला. त्या ०.०९ मधलाही काही भाग गाळकरी सर म्हणाले तसा खालची माती मिसळल्याचा असणार. माझे १५ टन पार वितळले. अजून तर वाहिलेला वेगळा काढायचाच आहे 😅

ग्लासाचा प्रयोगपण केला. माथ्यावरच्या ढेकळाने पाच मिनिटंही घेतली नाहीत, तीनच मिनिटांत जाळी रिकामी. बांधावरच्या गवताखालचं दुसऱ्या दिवशी सकाळीपण तसंच होतं, बोटाने दाबलं तेव्हा मोडलं, आतून केसासारखी मुळं निघाली.

आणि सगळ्यात भारी म्हणजे पायथ्याला एक मीटरचा खड्डा घेतला. वरचे ४५ सेंमी एकसारखी तपकिरी, सैल माती, मध्ये मध्ये वाळूच्या बारीक रेघा. मग एकदम गडद पट्टा, ४५ ते ६० पर्यंत, हाताला घट्ट, त्यात जुन्या मुळांच्या नळ्या आणि कोळशाचा एक बारका तुकडा. त्याखाली पिवळट मुरमाड. गडद पट्ट्यातला कर्ब या वेळी दुरुस्ती करून घेतला, ०.७८ आला. म्हणजे ती पूर्वीची वरची जमीन ना, जिच्यावर ४५ सेंमी गाळ येऊन बसलाय? त्या ४५ सेंमीत सरासरी ०.८ धरला तर हेक्टरी जवळपास ४७ टन कर्ब होतो, पण पायथ्याची पट्टी अख्ख्या शेताच्या दहाव्या भागाएवढीसुद्धा नाही, त्यामुळे तो आकडा वरच्या शेताशी सरळ जोडता येत नाही एवढं आता कळतं.

हे सगळं चित्र काढून, टेप लावून फोटो घेऊन मॅडमकडे गेलो. या वेळी लाल पेनने लिहिलंय: "किती वर्षांचा?"

आकडेमोड:
😂 मॅडम सोडणार नाहीत तुला.

याला सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ मोजायला लागेल. १९५० आणि ६० च्या दशकात हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा तो जगभर पावसासोबत जमिनीवर उतरला, सगळ्यात जास्त १९६३ च्या आसपास. एकदा चिकणमातीला चिकटला की सहसा सुटत नाही, म्हणून तो हलला म्हणजे मातीच हलली असं धरता येतं. अर्धायुष्य ३० वर्षांचं, त्यामुळे अजून मोजता येतो पण दिवसेंदिवस फिका होतोय. वर सांगितलेल्या २००७ च्या कामातही हेच वापरलं होतं. माथ्यावर कधीच न नांगरलेली, सपाट, न धुपलेली एखादी जागा शोध आणि तिथला सीझियम मूळ माप धर. माथ्याला त्यापेक्षा कमी भरला तर तेवढी माती गेली, पायथ्याला जास्त भरला तर आली. खड्ड्यात दर पाच सेंमीला वेगळी पिशवी भर, एकत्र करू नकोस. गडद पट्ट्यात सीझियम सापडला तर वरचा ४५ सेंमी गाळ बहुतेक सगळा चाचण्या सुरू झाल्यानंतरचा. आणि तिथे नसला, गाळाच्याही खालच्या भागात नसला, वरच्याच थरात असला, तर गाळ साठायला त्याच्या बऱ्याच आधीपासून सुरुवात झालेली.

लॅबवाली:
आणि तो कोळशाचा तुकडा फेकला नाहीस ना? ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळ, कापसात किंवा कागदात नको. रेडिओकार्बनला (त्यावरून वय काढतात) लागेल. आणि खड्डा इतक्यात बुजवू नकोस.